अण्णांच्या ओट्यावरचे भांडकुदळ

मासे पाळणाऱ्या माणसाला ‘काय, कसे आहेत मासे?’ असं कुणी सहज म्हणून विचारू नये. विचारणाऱ्याची बस चुकते! मासे वाढतात, मरतात, वाटून संपतात, पण त्यांचे किस्से कुठेच जात नाहीत. ते साठतच राहतात. आमचे श्रीकांतराव म्हणतात, "तुझ्या टाकीला फिल्टर आहे, तोंडाला नाही." नवऱ्यानं असं म्हणायचं असतं, आपण पुढं बोलत राहायचं असतं.

गोल्डफिशवाल्यांचं एक वेळ ठीक आहे. त्यांचे मासे सकाळी इकडून तिकडे जातात आणि संध्याकाळी तिकडून इकडे येतात, त्यात सांगण्यासारखं काय असणार! पण आम्ही पाळायचो सिक्लिड. सिक्लिड म्हणजे माशांमधली भाऊबंदकी. दगडावरून भांडणार, कोपऱ्यावरून भांडणार, बायकोवरून भांडणार, आणि पिल्लं झाली की नवरा-बायको एक होऊन अख्ख्या टाकीशी भांडणार. असे मासे पाळल्यावर माणसाकडे किस्से नाही साठणार तर काय होणार?

आम्ही चौघं होतो. अण्णा देवरे हे आमचे गुरू. मूळचे बागलाणातल्या नामपूरचे, बोलणं अहिराणी वळणाचं, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. नाशिकच्या सिडकोत त्यांचं बैठं घर, घराला ओटा आणि ओट्यावर भिंतीला लागून टाक्याच टाक्या. दुसरा विलास शिंदे, सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला, जे दिसेल ते खोलून बघणारा. तिसरे केळकर, बँकेत, राहायला कॉलेज रोडला. खिशातल्या रुमालाची घडी मोडेल म्हणून घाम तसाच वाळू देणारे. आणि चौथी मी, ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी. पाण्याचा पीएच तपासायचं खातं माझ्याकडे.

दर रविवारी सकाळी आम्ही अण्णांच्या ओट्यावर जमायचो. काकू गेल्यापासून अण्णा घरात एकटेच, मुलगा बंगलोरला. आठवडाभर ते या एका सकाळची वाट बघत असत, हे आम्हा तिघांनाही पक्कं माहीत होतं. आल्याचा चहा ते स्वतः करायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. हा रविवार एकदा मोडता मोडता राहिला. ते शेवटी सांगते, कारण ते सांगितलं की मग दुसरं काही सांगावंसं वाटत नाही.

*

मी या नादाला लागले ती शांततेसाठी! नव्वदच्या आसपासची गोष्ट. कॉलेजात दिवसभर पोरांचा गोंधळ, घरी सासरच्यांचा राबता. म्हटलं, हॉलमध्ये एखादी टाकी असावी, संध्याकाळी समोर बसावं. मेन रोडजवळच्या दुकानात गेले आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, बोटाएवढे, फार गोजिरे मासे पसंत केले.

"भांडत नाहीत ना?"

"छे हो मॅडम! झेब्रा आहेत. एकदम शांत."

महिना-दीड महिना सगळं छान होतं. मग एके दिवशी बघते तर टाकीतले बाकीचे सगळे मासे वरच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीनं उभे, आणि उरलेली अख्खी टाकी पट्टेवाल्या जोडप्याच्या ताब्यात. मातीच्या कुंडीत त्यांनी अंडी घातली होती. मी कुंडी सरळ करायला हात घातला, तर त्या बोटाएवढ्या माशानं माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला!

तशीच दुकानात गेले आणि बोट दाखवून भांडायला लागले. "तुम्ही तर म्हणालात, शांत आहेत!"

दुकानदार जाळ्या आवरायला लागला. बाकावर बसलेले एक टोपीवाले आजोबा मात्र हसायला लागले.

"शांतच शेत ताई. पोरंबाळं व्हईपर्यंत सगळेच शांत राहतस!"

तेच अण्णा. पुढच्या रविवारी मी त्यांच्या ओट्यावर होते.

*

आता या पट्टेवाल्यांचं कसं असतं, तर बाकीच्या माशांना पिल्लं व्हावीत म्हणून माणसं नवससायास करतात आणि यांना पिल्लं होऊ नयेत म्हणून. एक खेप मोठी होते न होते तोच दुसरी कुंडीतून बाहेर येते. सुरुवातीला मी उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून पिल्लांना भरवत होते. तिसऱ्या खेपेला नुसतं "आलात का? या!" एवढंच म्हणाले.

दुकानदार घेईना. ओळखीचे लोक माझी लुना दिसली की दार लावून घ्यायला लागले. तेवढ्यात संक्रांत आली, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डबे, गाळण्या, साबणदाण्या वाण म्हणून घेऊन घेऊन कॉलनीतल्या सगळ्याच बायका कंटाळल्या होत्या. त्या वर्षी मी मासे लुटले! प्रत्येकीला पाण्यानं भरलेल्या पिशवीत पिल्लांची एक जोडी. थंडी कडाक्याची, म्हणून पिशव्या गॅसजवळ मांडून ठेवल्या होत्या. हळदीकुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा, "गोड बोला" म्हणायचं आणि हातात हे भांडकुदळ ठेवायचे. बायका हरखून गेल्या. "अय्या, किती वेगळं वाण!"

घर मोकळं झालं. मी वर्षभर सुखात होते.

पुढच्या संक्रांतीला पहिल्याच घरी गेले. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला आणि हातात पिशवी आली. पिशवीत पट्टे! दुसऱ्या घरी पट्टे. तिसऱ्या घरच्या जोशीबाईंनी तर माझी पिशवी वेगळी काढून ठेवली होती. माझा हात हातात घेऊन त्या प्रेमानं म्हणाल्या,

"तुम्हाला आवडतात ना, म्हणून तुमच्या पिशवीत जरा जास्त घातलीत हं!"

*

लोडशेडिंग सुरू झालं तेव्हा आमच्यासारख्यांचे फार हाल झाले. लाइट गेली की पंप बंद, पंप बंद की पाण्यातली हवा बंद. मोठे मासे कसेबसे तग धरतात, पिल्लं मात्र पटापट वर येऊन तोंड वासतात. केळकरांनी बॅटरीवरचा पंप आणला. मी पेल्यानं पाणी वरून ओतत बसायचे. विलासनं यातलं काहीच केलं नाही. त्यानं ट्रॅक्टरची जुनी ट्यूब आणली, तिच्या तोंडाला बारीक कॉक बसवला, कॉकला नळी लावली आणि नळी टाकीत सोडली. ट्यूब गच्च भरून ठेवायची, लाइट गेली की कॉक थोडा सैल करायचा. हवा हळूहळू टाकीत बुडबुडत राहते. फुकटचा पंप!

टाकी आतल्या खोलीत होती. तिथं ट्यूबला जागा नव्हती, म्हणून ती त्यानं बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाखाली सरकवली होती.

एका रविवारी विलासच्या बहिणीला बघायला पाहुणे आले. मुलगा इगतपुरीला रेल्वेत, चांगली नोकरी. मुलगा दिवाणावर बसला, त्याचे वडील समोरच्या खुर्चीवर. पोहे आले. आणि लाइट गेली.

पाहुणे पोह्यांत गुंतलेले असताना विलासनं सवयीनं दिवाणामागं हात घालून कॉक सैल केला आणि तो टाकी बघायला आत गेला. दिवाणाखालून बारीक आवाज सुरू झाला. "फुस्स..." मुलगा अवघडून जरा सरकला. फळी दबली, आवाज वाढला. "फुर्रर्र..." मुलाच्या कपाळावर घाम. तो गडबडीनं दुसऱ्या बाजूला सरकला, तर तिकडून आणखी मोठा! खोलीत कुणी कुणाकडे बघेना. पोह्यांच्या चमच्यांचे आवाजसुद्धा थांबले.

शेवटी मुलाचे वडील घसा खाकरून म्हणाले, "आता लपवण्यात अर्थ नाही. आमच्या पोराचं पोट लहानपणापासून जरा नाजूक आहे. पण बाकी कसला दोष नाही!"

विलासची आई सिन्नरकडची, मोकळ्या स्वभावाची. त्या माणसाचा खरेपणा तिला एवढा आवडला की ती लगेच म्हणाली, "आसू द्या हो! आमची पोरगी बी लय घोरती."

लग्न जमलं, उत्तम चाललं आहे. दाजींना ट्यूबचं अजून कुणी सांगितलेलं नाही.

*

दोन हजार साल उलटल्यावर फ्लॉवरहॉर्न नावाच्या माशाचं वेड आलं. हाही सिक्लिडच, पण कपाळावर भलं मोठं टेंगूळ. जेवढं टेंगूळ मोठं तेवढी घराची भरभराट, असं लोक म्हणायला लागले. केळकर म्हणाले, "मी मानतो असं नाही. पण विरोध तरी कशाला करा?" आणि एक घेऊन आले.

हा मासा एवढा रागीट की टाकीत दुसरं कुणी चालत नाही. मग त्याचा राग काढायचा कसा? तर रोज थोडा वेळ काचेबाहेर आरसा धरायचा. आरशात त्याला शत्रू दिसतो, तो कल्ले फुगवून अंगावर धावून जातो, व्यायाम होतो, भूक लागते, टेंगूळ वाढतं. केळकरांनी दाढीचा आरसा या कामाला लावला. मासा सकाळी सकाळी लढाई मारायचा, तोवर केळकर चहा प्यायचे आणि मग त्याच आरशात दाढी करायचे.

एके दिवशी मासा ऐन रंगात आला. केळकरांना आरसा काढून घेववेना. त्यांनी अंदाजानं दाढी उरकली आणि बँकेत जाऊन काउंटरवर बसले. गिऱ्हाइकं समोर उभी राहून टक लावून बघायला लागली. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर तशीच्या तशी खुंटं!

मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावून घेतलं. "केळकर, हे काय आहे?"

केळकर शांतपणे म्हणाले, "सर, आरसा बिझी होता."

*

पिल्लं वाढवताना एक नियम पाळावा लागतो. एका आईची असली तरी सगळी सारखी वाढत नाहीत. काही दांडगी होतात, बारक्यांचं खाणं पळवतात, शेपट्या कुरतडतात आणि एक दिवस बारक्यांनाच खाऊन टाकतात. म्हणून अधूनमधून पिल्लं निवडून आकारानुसार वेगवेगळ्या टाक्यांत ठेवायची. मी मास्तरीण. मी टाक्यांवर कागद चिकटवले, ‘अ तुकडी’, ‘ब तुकडी’, ‘क तुकडी’.

श्रीकांतनी या तुकड्यांची मनसोक्त चेष्टा केली. "क तुकडीला शिकवणी लावणार का?", "पालकसभा कधी आहे?" असं रोज काहीतरी चालायचं.

एक दिवस ते ऑफिसातून आले तेच पडक्या चेहऱ्यानं. त्यांना डावलून ज्युनिअर माणसाला बढती दिली होती. बूटसुद्धा न काढता ते स्टूल ओढून टाक्यांसमोर बसले. बारक्या पिल्लांच्या काचेवर बोट टेकवून म्हणाले,

"मलापण क मध्ये टाक. तिथं कुणी चावत नाही."

मला फार वाईट वाटलं. मी चहा टाकला. त्या दिवसापासून क तुकडीचं खाणं मात्र तेच घालतात.

*

आता येते ती गोष्ट, जिच्यामुळे पुढं सगळं रामायण घडलं.

केळकरांकडे इलेक्ट्रिक ब्लू जातीचा एक नर होता. हा आफ्रिकेतला सिक्लिड. नर म्हणजे निळ्या शाईत बुडवून काढल्यासारखा, आणि मादी अगदी साधी, राखाडी. मादी विलासकडे होती. दोघंही आपापला मासा विकत द्यायला तयार नाहीत. अण्णांनी तोडगा काढला.

"आमच्याकडे शेळी अर्धलीनं देतस. एकाची शेळी, दुसऱ्याचा सांभाळ, करडं निम्मीनिम्मी. तसं करा!"

दोघांना पटलं. नर विलासकडे राहायला गेला. नाशकात मासे अर्धलीनं दिल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण असावं!

या जातीची मादी अंडी तोंडात धरून उबवते. पिल्लं बाहेर येईपर्यंत काही खात नाही. विलासच्या आईनं हे बघितलं आणि ती हेलावून गेली. "बिचारीच्या पोटात कण नाय!" तिनं टाकीवर आपलं जुनं लुगडं घातलं, टीव्हीचा आवाज कमी करायला लावला. मादी फार खंगू नये म्हणून तोंडातली पिल्लं आधीच काढून घेण्याचा विलासचा बेत होता. तो जाळी घेऊन आला, तर आई टाकीसमोर उभी राहिली.

"हात लावशील तर बघ! बाळंतीन हाय ती!"

पिल्लं यथावकाश आपणहून बाहेर आली. विलास कारखान्यातून घरी येऊन बघतो तर टाकीतलं पाणी दुधासारखं पांढरं. आईनं बाळंतिणीला डिंकाचा लाडू कुस्करून घातला होता! विलासनं कपाळावर हात मारला आणि बादल्या भरभरून पाणी बदलायला लागला.

"आई, मासे लाडू खात नाहीत गं!"

आई जराही विचलित झाली नाही.

"तुझा बाप बी असंच म्हनायचा. डबा कोन रिकामा करायचं मग?"

*

पिल्लं जगली. बोटाच्या पेराएवढी झाल्यावर ठरल्याप्रमाणे वाटणी झाली. या वयात नर-मादी ओळखू येत नाहीत, सगळी सारखीच राखाडी. विलासनं जाळी घातली, निम्मी काढून आपल्या टाकीत ठेवली, निम्मी केळकर घेऊन गेले. अण्णांनी वर पेढे वाटले.

काही महिन्यांनी रंग यायला लागले. विलासच्या टाकीत एकेक पिल्लू निळं होत गेलं. केळकरांच्या टाकीत एकही नाही. केळकर रोज सकाळी चष्मा पुसून बघायचे. सगळ्या राखाडी माद्या!

"शिंदे, तुम्ही निवडून घेतलेत," केळकर एका रविवारी सगळ्यांसमोर म्हणाले.

"काय निवडून? सगळी सारखी नव्हती का?"

"नर आधी वाढतात. तुम्ही मोठीमोठी उचललीत."

"म्हणजे मी चोर?"

"मी तो शब्द वापरलेला नाही. तुम्ही वापरलात."

विलास चहाचा ग्लास तसाच ठेवून निघून गेला. गंमत बघा, त्याच्याकडे त्या सगळ्या नरांनी एकमेकांचे पंख फाडायला सुरुवात केली होती, माद्या मिळाल्या असत्या तर जरा निभावलं असतं. केळकरांना नर हवे होते. नुसती अदलाबदल केली असती तरी दोघांचं भागलं असतं. पण बोलायचं कुणी?

पुढच्या रविवारी विलास लवकर येऊन गेला, केळकर उशिरा आले. त्याच्या पुढच्या रविवारी दोघंही आले नाहीत. असे कितीतरी रविवार गेले. मी एकटी जायचे. अण्णा चहा मात्र चौघांचाच करायचे. "हात बसेल शे, सवय जात नही," म्हणायचे आणि उरलेला झाडाला ओतायचे. मी दोघांनाही फोन करून बघितले. "आधी त्यांनी माफी मागावी," असं दोघंही म्हणाले.

एका रविवारी अण्णा टाकीत खाणं टाकता टाकता थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, मन्हाकडे सोमवार, मंगळवार सगळे सारखेच. एक रविवार तेवढा वेगळा व्हता. आते तोबी त्यास्नासारखा व्हई गया."

 घरी येऊन मी रडले.

*

आणि मग अण्णांच्या ओट्यावर बापू अहिरे अवतरले!

अण्णांनी विलासला आणि केळकरांना वेगवेगळा निरोप दिला. ‘मालेगावकडचे फार मोठे मासेवाले आले आहेत. एकदा भेटून जा.’ मोठा मासेवाला म्हटल्यावर दोघांनाही राहवलं नाही. आले, पण ओट्याच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून बसले.

बापू सफारीत होते. आल्या आल्या ते केळकरांच्या वेताच्या खुर्चीत बसले. ती खुर्ची केळकर रुमालानं झटकून मगच वापरायचे. मग बापूंनी विलासपुढची पोह्यांची बशी स्वतःकडे ओढली आणि बोलायला सुरुवात केली.

"पाणी कधीच बदलायचं नसतं. बदललं की माशाला सर्दी होते."

"फ्लॉवरहॉर्नला आरसा? काय हे! मी माझ्या माशाला टीव्ही लावतो. बातम्या बघून टेंगूळ वाढतं."

मी कॉलेजातून आणलेलं पीएच तपासायचं सामान मांडत होते. बापूंनी टाकीत बोट बुडवलं, ते चाखलं आणि मला म्हणाले, "सात पूर्णांक दोन. ठेवून द्या ते!" इतकी वर्षं केमिस्ट्री शिकवतेय, असा अपमान माझा कुणी केला नव्हता!

मी रागानं लाल झाले आणि वर बघितलं. विलास केळकरांकडे बघत होता. केळकर विलासकडे बघत होते. दोघांनी लगेच माना वळवल्या, पण बघितलं होतं!

बापू काही थांबेनात. ते पुढच्या रविवारी आले, त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी खुर्ची केळकरांची आणि पोहे विलासचे. आणि आश्चर्य म्हणजे हे दोघंही यायला लागले. "त्या माणसाचं एकदा तोंड बंद केलंच पाहिजे," असं मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं.

शेवटी एक दिवस बापू केळकरांच्या निळ्या नराबद्दल बोलले. "मी पाहिलाय तो. म्हातारा आहे. अशा नराची पिल्लं मी गटारात टाकतो."

केळकरांचा चेहरा पडला. त्यांनी तोंड उघडायच्या आत विलास ताडकन उठला.

"ओ अहिरे! त्या नराला काही बोलायचं नाही! असा नर अख्ख्या नाशकात नाही!"

केळकर उभे राहिले. हातातल्या रुमालाची घडी पार मोडली होती. "आणि त्याची पिल्लं या शिंद्यांनी वाढवलीत. यांच्या आईनं वाढवलीत. तुमची लायकी तरी आहे का?"

 बापूंनी शांतपणे पोहे संपवले, हात धुतले आणि गेले. त्यानंतर विलास आणि केळकर गेटापाशी स्कूटरांना टेकून बापूंना शिव्या देत जे उभे राहिले, ते ऊन डोक्यावर आलं तरी हलेनात. केळकरांच्या तोंडात इतके सुंदर शब्द असतील असं मला वाटलं नव्हतं. त्याच आठवड्यात माद्या विलासकडे सातपूरला गेल्या आणि नर केळकरांकडे कॉलेज रोडला आले. अण्णांचा चहा पुन्हा पुरेनासा झाला. त्या रविवारी चौथा ग्लास भरताना अण्णांचे डोळे भरून आलेले मी बघितले. त्यांनी स्टोव्हच्या धुरावर ढकललं.

बापू परत आले नाहीत.

पुढं एकदा ते मला सीबीएसच्या एसटी स्टँडवर भेटले, सटाण्याच्या गाडीची वाट बघत. धोतर, टोपी, कपाळाला बुक्का. मला बघून एकदम उठून उभे राहिले आणि हात जोडले.

"ताई, त्या दिवशी पाणी चाखी टाकं, माफ करज्या. घरी जाईसन खूप चुया भऱ्यात."

चुळा भरणारा मासेवाला मी पहिल्यांदाच बघत होते. "तुम्ही... मालेगावचे मासेवाले ना?"

"कशाचे मासेवाले! मी आणि अण्णा एकाच वर्कशॉपात व्हतो. मी माळकरी माणूस, मासा ताटातबी नको अन् टाकीतबी नको." त्यांनी आवाज खाली आणला. "अण्णा म्हणे, दोन मासे एकमेकांना मारायला लागले, की मी तिसरा दांडगा मासा आणून टाकतो. मग ते दोघं भांडण विसरून एक होतात. मला म्हणे, बापू, तो तिसरा तू हो."

"आणि तुम्ही झालात?"

बापू लाजले. "घरी माले कोणी बोलू देत नही, ताई. ते रविवार लय मजाना गयात."

मी हे विलासला सांगितलं नाही आणि केळकरांनाही नाही. अण्णांना तर विचारलंसुद्धा नाही.

नंतर कधीतरी एका रविवारी गांडुळं माशांना अख्खी घालावीत की कापून, यावरून गोष्ट निघाली. विलास म्हणाला अख्खी. केळकर म्हणाले, अख्खी घालणारा माणूस अडाणी. विलास म्हणाला, कापणारा भित्रा. आवाज चढले. केळकरांनी खुर्चीवरून रुमाल उचलला. विलासनं चहाचा ग्लास खाली आपटला आणि चप्पल शोधायला लागला.

 अण्णा उठले, हात पुसत घरात गेले. खिडकीतून फोनची बटणं दाबल्याचे आवाज आले आणि मग अण्णांचा आवाज,

"हॅलो... कोण, बापू का? येता रविवारले मोकळा शे का?"